सेंटर

माझा बाप, वेंडेल कूबिचेक,
अकरा हंगाम चेंडूवर वाकून उभा राहिला.
प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुटायचा,
दोन पायांमधून मागे.
कुठं गेला ते वळून बघायची सोय नव्हती,
समोरून तीनशे पौंडांचा माणूस
अंगावर आलेला असायचा.

लाउडस्पीकरवर त्याचा नंबर यायचा
तो चुकला तरच:
त्रेसष्ट, समोरच्याला धरून ठेवल्याबद्दल,
दहा यार्ड मागे.
नेब्रास्कातल्या घरी आई रेडिओला कान लावून बसायची
आणि त्याचं नाव आलं नाही
की बटाटे सोलायला घ्यायची.

पुढं चौदा वर्षं स्कूलबस चालवली.
पोरं विचारत, एवढे मोठे हात कशानं?
म्हणायचा, बँकेत होतो, नाणी मोजायचो.

आता त्याची करंगळी भलत्याच गावाला निघालीय.
बरणीचं झाकण माझ्याकडे सरकवतो, न बोलता.
सकाळी पलंगाच्या कडेला बसून
स्वतःलाच इशारा देतो, एक, दोन,
आणि तिनाला गुडघे ऐकतीलच असं नाही.

ऑक्टोबरात त्याला टोलेडोला नेलं,
थॅडियस ब्रूमफील्डकडे.
वर्षातून दोन रविवार, कपाळाला कपाळ.
"त्याच्या श्वासाचा वास
तुझ्या आईच्या आधीपासून ओळखतो,"
एवढं बोलला
आणि इंडियाना संपेपर्यंत गप्प.

वृद्धाश्रमाच्या खिडकीबाहेर कापून झालेला मका.
नाव सांगितलं. संघ सांगितला. फोटो दाखवला.
थॅडियसनं विचारलं,
नळ दुरुस्त करायला आलात का?

बापानं कोट काढून माझ्याकडे दिला
आणि त्या गुळगुळीत फरशीवर वाकला,
उजवा हात खाली, मान वर,
हाताखाली काहीच नाही.
मी म्हटलं, बाबा, गुडघे.

थॅडियस खुर्चीतच पुढं सरकला.
मूठ जमिनीकडे गेली, पोचली नाही.
"तू आधी हलतोस," म्हणाला,
"दर वेळी. त्या आंधळ्यांना दिसत नाही."

बाप इतका हसला की खोकला आला.
मग उठता येईना.
दोन नर्स धावत आल्या.
थॅडियसनंही हात पुढं केला,
थरथरता, कुणाला उचलण्याच्या लायकीचा नव्हे,
तरी बापानं आधी तोच धरला.

बऱ्याच वेळानं एक नर्स म्हणाली,
काका, आता सोडा.