काट्याबाहेरचा तास

वेंगुर्ल्याच्या अलीकडे, मठच्या रस्त्याला
काजूचा कारखाना. पत्र्याखाली बेचाळीस बायका,
बेचाळीस कातऱ्या, आणि दाराशी एक काटा.
मी कार्मिक अधिकारी. म्हणजे रजा मी मांडतो,
हातमोजे मी मोजतो,
कुणाला चक्कर आली तर रिक्षाही मीच बोलावतो.

मालकांनी भिंतीवर पेटी लावली होती, 'आपल्या सूचना'.
कुलूपबंद. वर्षाने उघडली तेव्हा निघाली
दोन पालीची अंडी, पेपरमिंटचा कागद,
आणि एक चिठ्ठी : संडासाची कडी बसत नाही.
कडी बसवायला दहा मिनिटं लागली.

"बायका डोकंच चालवत नाहीत," मालक म्हणाले.
मी काट्याकडे बघत होतो.
अख्ख्या गराला किलोमागे दर,
पाकळीला निम्मा, तुकड्याला चिल्लर.
डोकं चालवायचं म्हणजे आधी थोडे गर फुटणार,
आणि फुटलेलं वजन
बाईच्या बाजाराच्या पिशवीतून वजा होणार.

म्हणून मागून घेतला
गुरुवारचा पहिला तास.
तो काट्यावर चढणार नाही. मजुरी ठरलेली,
फुटले तर फुटले.

हेमलता गिरपने पदराला हात पुसले.
"साहेब, गर फुटलो तर पैशे कोणाचे?"
कंपनीचे.
"लिवन द्या."
लिहून दिलं, शिक्क्यासकट.

तरी चार गुरुवार काहीच घडलं नाही.
रोशनबी मुजावर गोधडीला टाके घालत बसली,
जुलियाना भिंतीला टेकून निजली,
कोपऱ्यात भिशी निघाली.
मालक काचेतून बघायचे, मी हजेरीत डोकं खुपसायचो.
खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं
की दुधाचे पैसे देऊन ताक आणलं.

पाचव्याला हेमलताने कातरीच्या पायट्याखाली
सायकलच्या टूबचा तुकडा कोंबला,
पातं टरफलापाशीच थबकावं म्हणून.
जाड झाला, बी कापलीच नाही.
मग पातळ. तो सटकला, दोन किलोंचा भुगा.
मी वहीत लिहिलं : तारीख, काय केलं, काय फुटलं.
'कोणामुळे' असा रकाना
आखलाच नव्हता.

आठव्या गुरुवारी टूब दुमडून बांधली, काथ्याने.
कट्.
अख्खा गर, तांबूस सालीसकट,
तान्ह्याच्या कानाच्या पाळीसारखा.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
शेजारच्या तिघी फक्त आपापले पायटे वाकून बघू लागल्या.

सावंतवाडीहून फॉर्म आला : नवकल्पना, कर्मचाऱ्याचे नाव.
चौकोन एक. बक्षीस एक प्रेशर कुकर.
"माझ्या एकटीचा नाव नको," हेमलता म्हणाली,
"टूब रोशनच्या घोवाची, काथो जुलियान दिल्यान,
भुगो सगळ्यांनी केलो."
मी समासात अकरा नावं कोंबली. कुकर
आता जेवणाच्या खोलीत शिट्ट्या मारतो.

आणि मग मालक म्हणाले, सहज, चहा ओतताना,
"अख्खे जास्त निघतायत, तर दर जरा उतरवू."
माझी बशी हातातच राहिली.
म्हटलं, उतरवा. त्याच रात्री बेचाळीस टूबा निघतील,
आणि पुन्हा या पत्र्याखाली
कुणाला काही सुचणार नाही, वीस वर्षं.
ते बराच वेळ माडांकडे बघत राहिले.
दर राहिला. निदान शिमग्यापर्यंत.

सगुणाबाई कुबल मात्र टूब बांधत नाही.
सगळ्यांत जुनी, चिकाने बोटं काळी, सोललेली.
मी नवे मोजे पुढे केले, तिने परत केले.
"मोजे घातले काय बी हाताक लागणा नाय.
तुमच्या वहीत ह्याचा काय ता लिवा."

काल गुरुवार होता. तिने मोज्याची दोन बोटं छाटली,
घातला, काढला, अंगठाही छाटला,
पुन्हा घातला.
वहीचं पान अजून कोरंच आहे.
तारखेखाली फक्त
तिच्या अंगठ्याचा तेलकट डाग.