आखणी

गणपती संपले की आमच्या गल्लीत
राक्षसांचा हंगाम सुरू व्हायचा.

गंगावेशीच्या अंगाला कुंभार गल्ली.
दादा, म्हणजे माझे वडील,
जुन्या साच्यातली सोंड बुजवून तिथं सुळे कोरायचे.
शाडू तोच, पाण्याची बादली तीच,
बादलीत हातही माझेच.

स्टुडिओतून चिठ्ठी यायची:
रक्तपिप्या, एक नग.
लांडग्या तोंडाचा माणूस, केसाळ, एक नग.
पट्ट्या गुंडाळलेलं मढं, लई जुनं दिसावं.
पैसे पिक्चर लागल्यावर.

केस म्हशीच्या शेपटीचे,
कट्ट्यावर धार काढणाऱ्या गवळ्याकडनं मागून आणलेले.
टाके घालायला पापाच्या तिकटीवरचा चपलांचा मेणदोरा.
पट्ट्या आईच्या विरलेल्या लुगड्याच्या,
चहाच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घातलेल्या.
बनाक्का भिंतीवरनं विचारायची,
कोण पडलंय गं आजारी?

आणि त्या सगळ्यांच्या आत एकच माणूस.
हिंदुराव पाडळकर. दारातनं वाकून यायचा.
कान लाल मातीत रगडून भज्यासारखे झालेले.
गुडघा गेला तेव्हा तालमीनं सोडला,
स्टुडिओनं धरला.
"मुखवट्याला कान करू नगा दादा,
माझं हायतंच की."

गणपतीचे डोळे दादा सगळ्यात शेवटी आखायचे,
पहाटे, आंघोळ करून, कुणाशी न बोलता.
राक्षसाला डोळे नाहीतच.
नुसती दोन भोकं, कानसीनं घासून गुळगुळीत केलेली.
मी विचारलं, ह्येला का न्हाईत?
"भ्या रंगात नसतंय पोरी.
आतनं कोण बघतंय, त्यात असतंय."

पिक्चर लागलं. पिटातल्या बाकावर आम्ही तिघं.
पडद्यावर दार करकरलं, धूर आला.
धूर उदाचा होता, मला ठाऊक होतं.
लुगडं आईचं होतं, मला ठाऊक होतं.
तरी दादांचा सदरा माझ्या मुठीत.
मागं एक पोरगं रडायला लागलं,
कुणीतरी ओरडलं, पळ की गं बाई!
आणि शेजारी हिंदुराव, टोपी डोळ्यांवर ओढून,
"गेला का? गेला का त्यो?"
"मामा, तुमीच हाय की."
"म्हणून तर."

पाच पिक्चरांत पाचदा मेला.
दोनदा जळून, एकदा छातीत खुंटी,
एकदा रंकाळ्यात,
एकदा नुसती पहाट झाली म्हणून.
सहाव्यांदा सीपीआरच्या खाटेवर, भर दुपारी.
शाळा सुटलेली पोरं खिडकीच्या गजांना लटकलेली,
राक्षस मरतो कसा बघायला.
त्यानं त्यांच्यासाठी एकदा दात विचकले म्हणे.
मी नव्हते तिथं.
शेवटच्या दोन पिक्चरांचे पैसे
अजून यायचे आहेत.

पुराचं पाणी घरात छातीएवढं चढलं त्या साली
मूर्ती माळ्यावर चढवताना
एक पोतं हाताला लागलं.
आत लांडगा. अर्ध्या केसांना कसर लागलेली,
जबडा शाबूत.
कागदाच्या लगद्याला डिंकाचा वास,
तपकिरीचा, आणि खाली कुठंतरी
घामाचा.

घातला.
का ते विचारू नका. दादा जाऊन नऊ वर्षं झाली,
घरात मी एकटी,
खाली जिन्याच्या तिसऱ्या पायरीशी पाणी डुचमळत होतं.
भोकांतून दिसली फळी,
फळीवर चाळीस गणपती,
पांढरे, ओले,
अजून डोळे न आखलेले.

माळ्यावर डोळे माझेच काय ते.

किती वेळ गेला कोण जाणे.
मग काढला, पोत्यात ठेवला, तोंड बांधलं.
उजाडायला आलं होतं
आणि माझी आंघोळ व्हायची होती.