आवाज टाकायचा का?

शामराव व्हटकर पायाखाली कागद सरकवतात,
पेन्सिल फिरवतात कडेनं,
आणि मान वर न करता विचारतात,
‘आवाज टाकायचा का?’

मी वहीत लिहिलं: आवाज. सुभाषनगर, सकाळी साडेदहा.
इनामदार मॅडम म्हणतात, आधी वस्तू बघ,
मग वस्तूकडं बघणाऱ्यांकडं,
मग ते एकमेकांकडं कसे बघतात ते,
आणि जमलंच तर शेवटी स्वतःकडं.

तळाच्या दोन थरांत बसवतात तो ‘विंचू’.
मला दाखवला नाही. हसून मूठ मिटली.
त्यानं चप्पल बोलते. कर्र. कर्र.
म्हणजे काय बोलते, मी विचारलं.
‘चामडं काय बोलतंय ओ म्याडम.
ऐकणारं कोण हाय, त्यावर हाय.’

त्यांच्या मूळ गावात
गल्लीच्या तोंडाशी ती करकर आली की
पारावरची पोरं विडी विझवायची,
सुना पदर सारखा करायच्या,
आणि एवढं सगळं झालं
म्हणून येणारा पाटील असायचा.
कुणीच हललं नसतं,
तर पायात चामडं घातलेला एक माणूस, उन्हात चाललेला.

हे मी अधोरेखित केलं. दुसऱ्या प्रकरणात चालेल.

गौराक्कानं विचारलं, तुमच्या पुस्तकाचं नाव काय?
प्रतीकात्मक आंतरक्रियावाद, मी म्हणाले,
आणि पुढं आणखी अर्धी ओळ आहे.
‘म्हंजी भांडान?’
कधी कधी, मी म्हणाले.
‘मग बसा. मी चहा ठेवतो,’ ती म्हणाली.
(पुण्यात मी ‘ठेवते’ म्हणत वाढले.
इथं दुसऱ्या महिन्यात माझ्याही तोंडून निसटलं, ‘आलो’.
कुणी हसलं नाही. म्हणजे मी आलो होतो.)

चहानंतर ती वेणी घालत बसली,
सुतासारख्या वाद्या, बोटांना न बघता येणाऱ्या.
‘ह्यांच्या आज्ज्यानं जल्मभर आवाज शिवला.
सवता घातला न्हाई.
जोडी द्यायला वाड्यावर जायचा तवा
ती फडक्यात, काखंत. पाय उघडं.’
मग तिनं वादी दातात धरली.
टेपवर पुढं चौदा सेकंद आहेत:
एक रिक्षा, हातोडीचे तीन ठोके.

मॅडम, याला कोणत्या रकान्यात टाकू?

शामरावांनी हातोडी ठेवली.
एकाहत्तर साली, म्हणाले, माझ्या बापानं
स्वतःच्या मापाचा कागद कापला.
रात्री शिवायचा. विंचू मोठा टाकला.
आणि गावात गेला, यष्टीनं, भर दुपारी.
गल्लीच्या तोंडाशी कर्र.
पारावर विड्या विझल्या, सवयीनं.
मग माना वळल्या.
एकानं काडी ओढून पुन्हा पेटवली.
एका म्हातारीचा हात पदरावर गेलेला,
तो तिथंच राहिला,
ना वर, ना खाली.

मग?

‘मग काय. टोकापतूर गेला.
आन् त्याच गल्लीतनं परत आला.
दुसऱ्या खेपंला
कुणालाच कळंना विडीचं काय करायचं.’

मी वही मिटली होती. हे नंतर, बसमध्ये लिहिलं.

उठताना माझ्याही पायाखाली कागद सरकला.
पेन्सिल गुदगुल्या करत टाचेमागून गेली.
शामराव गप्प.
विचारा की, मी म्हणाले.
‘बायकांच्यात न्हाई टाकत.’
का?
त्यांनी बायकोकडं बघितलं. तिनं वेणीची गाठ मारली,
उरलेली वादी कापली.
‘टाका की,’ ती म्हणाली. ‘बघू तरी, कोण काय करतंय.’

चप्पल अजून चावते. रोज तेल लावते आहे.
काल विभागाच्या व्हरांड्यात
ऑफिसातले शिपाई सोनटक्के खुर्चीतून अर्धे उठले,
मला बघितलं, आणि आता बसावं की उठावं
या विचारात तसेच राहिले.
मीही थांबले.
त्याआधी, खरं सांगायचं तर, जिन्यात
मी स्वतःच वळून बघितलं होतं,
कोण आलं म्हणून.