साडेचार हजारांच्या वर

हप्ते अजून सात राहिलेत या डब्याचे.

आत एकशे वीस अ‍ॅम्प आहेत, पुस्तिका सांगते,
साठ कॅबिनेटं, अठरा माइक,
आणि एक खोली, जिच्या भिंती
बोटाने मागे सरकवता येतात.
माझी खोली दहा बाय अकरा, सांगलीत, गावभागात.
भिंतीवर छातीइतक्या उंचीला एक रेघ,
दोनदा रंग देऊनही वर येणारी.

त्या रेघेखाली अ‍ॅम्प होता.
बेडगच्या दौलत मिस्त्रीने बांधलेला, सागाच्या फळ्या,
चार व्हॉल्व्ह, त्यातला एक कायमचा रुसलेला.
पंधरा वर्षं हळदी, गणपती, निरोप समारंभ.
थंडीत त्याच्या डोक्यावर चहा गरम राहायचा.
पाणी चढू लागलं तेव्हा
गिटार माळ्यावर गेली, गॅसची टाकी गेली,
मुलीची दहावीची मार्कशीट गेली.
तो एकट्याला उचलत नव्हता.

आता रात्री हेडफोन लावून
मी त्याला डब्यात शोधतो.

पहिल्या महिन्यात सगळं भरपूर केलं:
गेन आठ, बेस सात, ट्रेबल आठ,
वर रिव्हर्ब एवढा, की सांगलीवाडीच्या लग्नात
माझा सोलो मांडवाबाहेर जाऊन उभा राहिला.
हेडफोनमध्ये देऊळ, स्टेजवर माशी.
साउंडवाल्या रमजानने बोटाने खूण केली, कमी,
मग आणखी कमी,
मग त्यानेच मला बंद करून टाकलं.
दोन गाणी मी नुसता हात हलवत होतो.
नवरदेवाच्या मामाने येऊन शंभराची नोट दिली.

नबीलालचाचा मिरजेहून आले ते भिशीचे पैसे द्यायला.
पन्नास वर्षं तंबोऱ्यांच्या घोड्या घासलेली बोटं,
नखांत हाडाची भुकटी.
डब्याकडे बघितलंसुद्धा नाही.
'वाजव,' म्हणाले, 'एकच तार. आणि ते कानातलं काढ.
आवाज अंगावर येऊ दे.'

वाजवली.

'जवारी फार उघडी हाय. काच सांडल्यागत.
जरा बंद कर.'

घोडीवर चाचा कानस दोनदाच फिरवतात,
मग ऐकतात, मग विडी, मग पुन्हा एकदा.
मी पडद्यावर हाय कट शोधला.
वीस हजारांवरून खाली, दहा, सात,
'आनखी,'
साडेचार हजारांवर आलो
तेव्हा मान हलवली नाही त्यांनी,
फक्त विडी विझवली.

मग गेन तीनवर.
मिड वर, जिथे माणसाचा गळा असतो तिथे.
माइक शंकूच्या मधून दोन बोटं कडेला.
रिव्हर्ब शून्य, मांडव आपला आपण घेऊन येतो.
'तारेला बोलू दे की. तू कशाला मधे मधे?'
एवढं बोलून पैसे मोजून ठेवले,
शेवटची बस होती त्यांची.

बराचसा आला तो. सगळा नाही.
पिकअप बदलून पाहिली, तिसरी तार बदलली,
व्हॉल्व्हची नावं एकेक करून फिरवली.
साडेबाराला ध्यानात आलं,
दोन सुरांच्या मधे हा डबा मरतो.
काहीच नसतं तिथे. दवाखान्याची पुसलेली फरशी.
दौलत मिस्त्रीचा कधीच गप्प नसायचा,
अर्थिंग कच्चं, सारखं बारीक घुमणं,
मी लाथ घालायचो त्याला.

नॉइज गेट काढून टाकला.
भिंतीतल्या वायरीतून, रेघेखालच्या,
ते वर आलं, खर्जाच्या किंचित खाली,
कुठल्याच पट्टीत न बसणारं.
गिटार मांडीवर होती. वाजवली नाही.

आतून मालन म्हणाली,
'फ्रीज परत घुमायला लागला का हो?'
'हो,' म्हणालो. 'झोप तू.'