तिसऱ्या दाबाला

नायनाच्या गाडीचे ब्रेक किंचाळतात
हे गल्लीला दिवाळीपासून माहीत होतं.
नायनाला नव्हतं.
बत्तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर;
कानांत आता धोट्याची ये-जा तेवढी उरलीय,
तीही, म्हणतो, रात्रीचीच.

पिठाच्या गिरणीपाशी वळताना
किर्रर्र,
की कुत्री उठायची,
अंबुबाई मांडीवरचं विडीचं सूप बाजूला करून म्हणायच्या,
“आला गं, तुझा मालक.”
अम्माने तोवर चहाचं आधण ठेवलेलं.

रविवार. सकाळचे साडेसहा.
आठनंतर इथल्या फरशीवर गुडघा टेकवत नाही,
मे महिना आहे, विडी घरकुल आहे.
मागच्या चाकांना दोन दगड लावले.
नट आधी जमिनीवरच सैल केले, जॅक नंतर.
हे दस्तगीर चाचांनी सांगितलं, पार्टच्या दुकानात,
सुटे पैसे मोजता मोजता,
आमटीत मीठ किती ते सांगावं तसं.
“और कॅलिपर पाइपाला लटकू देऊ नको, बेटी.
तेवढं एक.”

मग तो मी टांगला सुताने.
आमच्या घरात दुसरं काय सापडणार?
टॉवेलचं सूत, आठ पदर वळून,
वर स्प्रिंगला गाठ.
गाठ जॉबरच्या मुलीची आहे, सुटणार नाही.

जुने पॅड हातात आले.
बाहेरच्यावर नखाएवढा मसाला.
आतल्यावर तोही नाही,
नुसता पत्रा,
आणि डिस्कवर गोल गोल चरे.
ह्याच्यावर माझा बाप
हैदराबाद रोडला उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे
आख्खा हंगाम फिरला.

“काय करलालीस?”
बहिरी माणसं विचारतात तसं, गल्लीभर.
मी पत्रा त्याच्या तळहातावर ठेवला.
अंगठा फिरवला त्याने. पुन्हा फिरवला.
“माग बरा,” म्हणाला.
“बाण्याचा धागा तुटला की आपणहून उभा राहतो.
हिला मेलीला कळतच नाही.”
आणि लुंगी खोचून बसला शेजारी.

पिस्टन आत जाईना.
मी जोर लावत होते, तो हसला.
जुना पॅड आडवा धरून क्लॅम्प फिरवला त्याने,
अर्धा आटा, थांब,
अर्धा आटा, थांब,
डोळे मिटून.
बिघडलेल्या मागावर असाच हात ठेवायचा तो,
चारशे मागांच्या खडखडाटात
एकाच मागाचं दुखणं बोटांनी ऐकत.
मी बॉनेटखाली ऑइलची बाटली बघत होते,
चढत चढत रेषेपाशी आली, तिथंच थांबली.

दुसऱ्या चाकाला निम्मासुद्धा वेळ लागला नाही.

मग गाडी न हलवता पेडल मारायचं.
पहिल्यांदा पाय सरळ तळाला गेला.
काहीच नाही.
अंधारात पायरी आहे समजून टाकावा तसा पाय.
पोटात धस्स झालं, सगळं बरोबर केलंय हे माहीत असून.
दुसऱ्यांदा थोडं काहीतरी लागलं.
तिसऱ्या दाबाला
खालून कुणीतरी पाऊल धरलं.

आधी मीच फिरवून आणली,
पन्नासवरून वीसवर, पुन्हा पन्नास,
अक्कलकोट रोड मोकळाच होता.
नंतर त्याला किल्ली दिली.

गिरणीपाशी वळला असेल तो,
कुणाला कळलं नाही.
कुत्री झोपलेली.
अंबुबाईंची कात्री पानं कापत राहिली.
दारात उभा राहून “चहा?” म्हणाला
तेव्हा अम्मा इतकी दचकली
की हातातली पळी पडली.
तिचा आवाज मात्र त्याला आला नाही.

मी हात धूत होते, नखांतली काळी रेघ जाईना.
“आता मला कसं कळायचं, हे आले ते?” अम्मा माझ्यावरच चिडली.
हॉर्न वाजवायला सांग, म्हटलं.
“तो वाजला का नाही हे कोण सांगणार त्यांना?”
असं म्हणत
तिने गॅस पेटवला.