चने ज्यास्त

मानेवाडा रोडवर माहा ठेला.
पहाटे साडेचारले कांदा कापतो,
पाचले पोहे भिजवतो,
साडेपाचले तर्रीवर लाल तेल चढते
अन् सहाले ट्यूशनचे पोट्टे.
पाठीवर दप्तर, डोळ्यात झोप,
"काका, हाफ प्लेट, तर्री मारके."
चार घास, तेही मोबाइल पाहात,
बाकीची प्लेट बादलीत.
मी म्हनो, शिकनाऱ्यायचं पोटच लहान.

माही पोट्टी नववीत. संघमित्रा.
खोब्रागडे मॅडमनं विज्ञानाचा प्रकल्प देल्ला:
सकाळी काय खाल्लं, अन् भूक कवा आली.
सहावीपासून दहावीपर्यंतचे बारा जन,
पंधरा दिवस, रेघा मारलेली वही.
रात्री भांडे घासता घासता
ती वाचून दाखवे, मी आयको.

क्रीमचं बिस्कुट, चहा:
पहिला तास संपाच्या आधी.
पलाश घोडमारे, खोक्यातला गोड चुरा दुधात:
प्रार्थनेले पोट भरलेलं, हजेरीले रिकामं.
शिळी भाकर, दही, लसनाची चटनी:
मधली सुट्टी झाली तरी डब्याची घाई नाही.
(हे त्या मांढरेच्या पोरीचं.
नाव लिहू नको म्हने, बाकीच्या हासतात.)
उकडलेलं अंडं अन् पोळी:
बारा वाजेस्तोवर गनितं सुटतात.
एक संत्रं: वीस मिनिटं.
पुढं लिहिलं होतं,
"पन हाताले वास दिवसभर."

"अन् आपले पोहे?" मी इचारलं.
तिनं पान पलटवलं. मंग हळूच,
"दोन तास, बाबा.
चने सोडून देल्ले तं दीड."

सतरा वर्साचा ठेला माहा.
मले असं कधी कोनी मोजलं नव्हतं.
थोडं लागलं. खोटं कायले बोलू.

ती झोपल्यावर वही उघडली.
शेवटचा रकाना तिचा सोताचा.
सोमवार: काही नाही.
मंगळवार: काही नाही.
बुधवार: पानी.
खाली बारीक अक्षरात,
आठ वाजता भूक नाही. नऊ वाजता नाही.
अकरा वाजता भूक नाही, राग येतो.
चार वाजता काहीही.

चार वाजता.
बूट न काढता, उभ्यानंच चार पोळ्या,
फरसानाचं पाकीट, मुठीनं साखर,
अन् मी हासो,
"आला आमचा बकासूर."
शेजाऱ्यायसमोर बी म्हनलं मी हे.
वाढतं वय आहे, म्हनलं, भूक लागनारच.
दीडशे प्लेटा भरतो मी सकाळच्या.

त्याच राती चने दुप्पट भिजवले.
सकाळी तेल पळीभर कमी.
पहिलंच गिऱ्हाईक कुरकुरलं,
"काका, आज तर्रीले रंग नाही."
"रंग नाही, बाप्पा, पन टिकते."
त्याले काही समजलं नाही.

मित्राले हाक मारली.
"भूक नाही, बाबा."
"माहीत आहे. तुह्यासाठी नको, वहीसाठी खा."
ठेल्याच्या दांड्याले टेकून
तीन चमचे. मंग चवथा.
मिरची बाजूले काढली,
चने आधी वेचले.
पेन काढून वेळ लिहिली: पाच पन्नास.

दुसऱ्या दिवशी दोनच चमचे.
तिसऱ्या दिवशी आईसोबत वेनीवरून भांडन,
तशीच गेली.
मंग एकदा अर्धी प्लेट, न सांगता.

प्रकल्प कवाचा जमा झाला.
वही तिनं मागून आनली,
अजून पानं उरले आहेत म्हने.

अकराले ठेला आवरतो मी.
कढई राखेनं घासतो,
समोरच्या मेडिकलातलं घड्याळ पाह्यतो.
आता लागली असंल काय तिले?
डब्यात चने देल्ले आहेत.