थकबाकी

लिफ्ट बंद आहे, नववा आठवडा.
खाली लॉबीत मात्र नवा संगमरवर, एक कारंजं,
आणि आरसा इतका मोठा
की पिशव्या घेऊन दमलेली माणसं त्यात दुप्पट दमलेली दिसतात.
त्या आरशाचे पैसे आमच्या भाड्यात चढलेत:
दर महिना, दर दार, एकशे बारा डॉलर.

हॅमिल्टन. खिडकीतून पोलादाच्या कारखान्याची
एकच चिमणी अजून धूर सोडते,
तिच्यामागे गोठलेलं सरोवर.
मी सातव्या मजल्यावरची हिबाक.
भाडेकरू संघाची वही माझ्याकडे असते,
कारण माझं अक्षर बरं
आणि माझी रात्रपाळी; दुपारी कुणीही आलं तर मी दार उघडते.

भाडं रोखलं, तर टिंब.
रोखणार, पण आधी भावाला विचारून: पोकळ टिंब.
दारच उघडलं नाही, तर जागा कोरी.
कोऱ्या जागेकडे परत जायचं,
आमची चळवळ म्हणजे बहुतेक एवढंच.

पहिल्या महिन्यात एकतीस टिंबं.
मग दाराखालून नोटिसा सरकल्या,
सत्तावीस उरली.
त्या चौघांना मी नावं ठेवली नाहीत. खोडलं फक्त.
पेन जरा जोरात दाबलं गेलं, तेवढं खरं.

मालक कोण, ते वेंडेलने शोधलं.
कंपनीच्या आत कंपनी, तिच्या आत नुसता नंबर;
कांदा सोलावा तसं सोलत गेला,
आणि शेवटच्या सालीखाली निघाला
शाळा-कामगारांचा पेन्शन फंड.

बैठक लाँड्रीत होती.
एक ड्रायर कुणाचे तरी मोजे फिरवत राहिला.
बाराव्या मजल्यावरच्या द्रागित्साबाई
शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं राबलेल्या,
दुधाचे क्रेट उचलून गुडघे तिथेच ठेवून आलेल्या,
हळूच म्हणाल्या,
"म्हणजे माझी घरमालकीण मीच?"

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.

"मी भाडं भरते, ते शहरभर हिंडतं,
आणि एक तारखेला जरासं रोडावून
माझ्याच खात्यात परत येतं?
आणि त्यातूनच मी पुन्हा भाडं भरते?"

कुंपण शेत खातं, हे ऐकून होते.
इथे तर शेतालाच
कुंपणात भागीदार करून घेतलं होतं.

फंडाच्या वार्षिक सभेला त्या गेल्या.
वेंडेल आणि मी काचेबाहेर उभे; आम्ही सभासद नव्हतो.
कोट न काढता, काठीवर दोन्ही हात ठेवून त्या बोलल्या.
आवाज आत अडकला, ओठ तेवढे दिसले.
बाहेर आल्यावर त्यांनीच सांगितलं:
"ते म्हणाले, आम्ही सभासदांच्या हिताला बांधील आहोत.
मी म्हटलं, हे बघा, हित इथे उभं आहे.
एकशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या चढतं.
माझ्या म्हातारपणाची सोय म्हणून
मला म्हातारपणी रस्त्यावर काढू नका."
टाळ्या वाजल्या का, मी विचारलं.
"दोन-तीन. मागच्या रांगेत.
भांडी घासणारे असणार, मला हातांवरून कळतं."

गुरुवारी सुनावणी. द्रागित्साबाईंचं नाव यादीत तिसरं.
थकबाकी: सहा हजार चारशे.
आमचीही एक यादी आहे: नोव्हेंबरचे गार रेडिएटर,
पाचव्या मजल्यावर गळणारं छत, नऊ आठवड्यांची लिफ्ट,
आणि लिफ्ट नाही म्हणून खुर्चीत बसवून
जिन्याने खाली नेलेले थेवरासा काका,
जे परत वर आले नाहीत.
ती रक्कम कुठल्या रकान्यात लिहायची ते मला समजत नाही.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणतात.
आम्ही ते खाली ठेवलंय. इथे. चौदा मजले.

आज ९०४. तिसऱ्यांदा आलेय.
साखळीच्या फटीतून एक मुलगा बघतो,
सांगतो, आई झोपलीय.
आतून आईच विचारते, कोण आहे?
मी जिन्यावर बसते.
पेनाचं टोपण काढून ठेवते.